फक्कीची रेघ

४ नोव्हेंबर १९५७, सोमवार

आज रुजू झाले.

मुलुंड स्टेशनाबाहेर टांगेवाल्याला 'कन्यासदन' म्हटलं, तर ट्रंक उचलता उचलता तो विचारतो, कोणाला सोडायला चाललात? मी म्हटलं, मलाच. तो काही हसला नाही, मी मात्र सगळी वाट हसत होते. पूर्वेला वस्ती लवकर संपते. दोन-चार चाळी, बाभळी, आणि मग एकदम मोकळं. थेट खाडीपर्यंत मिठागरं. आमचा बंगला पूर्वी एका मिठागरवाल्याचा होता, म्हणून खिडक्या सगळ्या त्या बाजूला. माझी खोली माडीवर. खाट, टेबल, खुर्ची, कंदील, आणि वारा फुकट.

मुली त्रेचाळीस. सात वर्षांपासून सोळापर्यंत. कोणी स्टेशनावर सापडलेली, कोणी चोरीत धरलेली, कोणी घरच्यांनीच 'हाताबाहेर गेली' म्हणून कोर्टापुढे उभी केलेली. मी सहायक अधीक्षिका. अण्णांना वाटत होतं की घाटकोपरच्याच एखाद्या शाळेत नोकरी धरावी, संध्याकाळी घरी यावं. पण समाजकार्याची पदविका घेतली ती काय शुद्धलेखन तपासायला?

मोठ्या बाई म्हणजे अधीक्षिका रत्नप्रभाबाई. पन्नाशीच्या असतील. पांढरं लुगडं, आवाज हळू. इथे अठरा वर्षं आहेत. मी नमस्कार केला तर म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या. आम्ही नुसत्या टिकलेल्या."

मागे मुलींना मोठं मैदान आहे. खो-खोच्या रेघा चुन्याच्या फक्कीने ताज्या मारलेल्या, स्वच्छ पांढऱ्या. बघून बरं वाटलं. जिथे मुली खेळतात तिथे निम्मं काम आधीच झालेलं असतं.

६ नोव्हेंबर

जिन्याखाली एक खोली आहे. दारावर पाटी: शांतिगृह.

आत खिडकी नाही. लोखंडी खाट जमिनीत रोवलेली. खाटेला नवारीच्या चार पट्ट्या, दोन हातांना, दोन पायांना. एक मुलगी त्यात होती. जानकी, वय तेरा, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. बाप समुद्रात गेला, आईने दुसरं लग्न केलं, सावत्र बाप मारायचा म्हणून पळाली. नंतर तीन आश्रमांतूनही पळाली. काल सकाळी विमलेच्या हाताला चावली म्हणून तिला इथे घातलेलं. काल सकाळी! विमला आमच्याकडची मदतनीस, मालवणकडची. तिच्या हातावर दात दिसतात, नाही असं नाही.

मी मोठ्या बाईंना म्हटलं, हिला आत्ताच्या आत्ता सोडा. वाटलं होतं भांडण होईल. त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि गेल्या.

मुलीच्या मनगटांवर नवारीची वीण उमटली होती. ती उठली, माझ्या लुगड्यावर थुंकली, आणि म्हणाली, "मना बांधू नको." मी म्हटलं, नाही बांधणार. कोणीच नाही बांधणार.

शब्द दिला आहे. आता पाळायचा.

१२ नोव्हेंबर

सात तारखेपासून नोंदवही घातली आहे. कोणती मुलगी, काय झालं, कोणी धरलं, किती मिनिटं, आणि सुटल्यावर तिचं स्वतःचं म्हणणं काय. हा शेवटचा रकाना बघून कामावरच्या दोन्ही आया एकमेकींकडे बघत राहिल्या. मुलीचं म्हणणं? लिहायचं?

एक गोष्ट केली, वेडेपणा म्हणा. ज्याच्याबद्दल बोलायचं ते अंगावर घेतलं पाहिजे, म्हणून मोठ्या बाईंना म्हटलं, मला दहा मिनिटं बांधा. त्यांनी पट्ट्या अगदी व्यवस्थित बांधल्या, गाठ तपासली, दार लावलं.

पहिली दोन-तीन मिनिटं मी सरळ विचार करत होते, इथे काय बदलायचं वगैरे. मग नाकाला खाज आली. एवढंच. नाकाला खाज आली आणि हात उचलता येईना, आणि माझ्या तोंडून असा आवाज निघाला की तो माझा आहे हे मला पटेना. पुढचं नीट आठवत नाही. दार उघडलं तेव्हा घड्याळात चाळीस मिनिटं झालेली. मी म्हटलं, बाई, दहा ठरली होती. त्या म्हणाल्या, "आतल्याला कळतं का दहा कुठली नि चाळीस कुठली?"

पट्ट्या सोडल्यावरही मी खाटेवर तशीच पडून होते. हात उचलायला कोणीतरी सांगायला हवं होतं. त्यांनी सांगितलं, "उठा आता," आणि मी उठले.

१४ नोव्हेंबर

सात दिवसांचा हिशेब: शांतिगृह एकतीस वेळा, पट्ट्या चौदा वेळा. कारणं वाचावीत. 'उलट बोलली.' 'भात टाकला.' 'उगीच हसली.'

२३ नोव्हेंबर

या आठवड्यात नऊ. पट्ट्या शून्य. पट्ट्या मी स्वतः बंबात घातल्या. नवार जळताना केसांसारखी वास मारते.

काही जादू नाही केली. मुलगी पेटली की बाकीच्यांना बाजूला काढायचं, तिच्याशी एकीनेच बोलायचं, हळू, जमिनीवर बसून. फारच झालं तर दोघींनी धरायचं, पालथं पाडायचं नाही, ती शांत झाली की सोडायचं. काल जानकीला मी स्वतः धरलं. चार मिनिटं. नोंदवहीत माझंच नाव लिहिलं. तिचं म्हणणंही लिहिलं: "हिचा हात गरम हाय."

सदनात मात्र माझ्याशी कोणी बोलत नाही. माझा चहा गार येतो. मी स्वयंपाकघरात गेले की भांड्यांचे आवाज थांबतात. आज लुगडं वाळत घातलं होतं ते चिखलात पडलेलं सापडलं, आणि त्यावर चांगली चार पावलं होती. विमलेला विचारलं तर म्हणाली, "माका काय इचारू नकात, बाईनु. तुमी आज आसात, उद्या नाय. आमका हयसरच रवाचा आसा."

मोठ्या बाई हल्ली सकाळी मैदानात असतात, हातात फक्कीचा डबा. रेघा मारत असतात. बहुधा त्यांनाही मुलींनी खेळावं असं वाटू लागलं असेल. तसं असेल तर मी त्यांना ओळखण्यात चुकले.

३० नोव्हेंबर

आज माझ्या नोकरीचं सार्थक झालं असं वाटलं.

जानकी दुपारी माझ्या शेजारी ओसरीवर बसून शेंगा सोलत होती. तीन आठवड्यांत एकदाही पळाली नाही. अचानक म्हणाली, जानकी हे तिचं नाव नाही. ती बोललीच नव्हती, तेव्हा कोर्टात कोणीतरी कारकुनाने ते लिहून टाकलं. खरं नाव आईने ठेवलेलं. ते तिने तीन आश्रमांत कोणाला सांगितलं नाही, मार खाल्ला तरी. मी विचारलं नाही. तीच माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "हारकू."

मग म्हणाली, "तुलाच सांगलाय."

रात्री झोप येईना इतका आनंद. शेवटी कंदील घेऊन ऑफिसात गेले आणि तिच्या फायलीत लिहिलं: 'खरे नाव हारकू. विश्वास संपादन झाल्याचे लक्षण.' खाली सही.

७ डिसेंबर

शून्य.

पूर्ण आठवडा, त्रेचाळीस मुली, शांतिगृहात एकही नाही. धरावंही लागलं नाही. शांतिगृहाचं कुलूप मी काढून टाकलं आहे.

सुटीत खेळ सुरू झाला की मुली मैदानात त्या पांढऱ्या चौकोनांतून उभ्या असतात. मोठ्या बाई एकेकीचं नाव घेऊन जागा दाखवतात. मुली जागा सोडत नाहीत. भांडण नाही, ढकलाढकली नाही. फक्त खेळतानाही दिसत नाहीत. हारकू तेवढी रेघांमधून इकडून तिकडे धावते. मोठ्या बाई तिच्याकडे बघत राहतात.

शून्य. अण्णांना पत्र लिहिलं.

११ डिसेंबर

कमिटीचे चिटणीस विद्याधर सबनीस आले होते. कोट, टोपी, हातात लाडवांची टोपली. त्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. कुलूप नाही, पट्टा नाही, तरी अशी शिस्त, म्हणाले, सरकारला कळवतो. अहवालावर 'बंधन: शून्य' असं टंकलेलं होतं. मी सही केली.

मग लाडू वाटायला मैदानात गेलो. साहेबांनी टोपली पुढे धरली आणि म्हणाले, या गं पोरींनो. हारकू सोडून एकही पुढे आली नाही. हात पुढे केले. रेघेपर्यंत. बेचाळीस हात रेघेच्या आतल्या बाजूला, बोटं ताणलेली, आणि तिथेच थांबलेली. साहेबांना वाटलं, केवढ्या सभ्य मुली. ते एकेकीपाशी गेले.

सात वर्षांच्या शुभाचा लाडू हातून निसटला आणि रेघेच्या बाहेर पडला, टीचभर. ती त्याच्याकडे बघत राहिली. बघतच राहिली. शेवटी मुंग्या आल्या.

मी उचलून द्यायला हवा होता. मी साहेबांशी बोलत होते.

१४ डिसेंबर, शनिवार

जे झालं ते झालं तसं लिहायचं आहे.

सकाळी मोठ्या बाई ऑफिसात होत्या. मुली माझ्याकडे. आज त्यांना खरंच खेळवायचं ठरवलं. जुन्या रेघा पुसट झालेल्या, म्हणून मी फक्कीचा डबा घेतला आणि एक मोठा चौकोन मारला, मैदानाएवढा. सगळ्यांना आत उभं केलं आणि सवयीने हजेरी घेतली. एकेक नाव. हजर, हजर, हजर. शेवटच्या हजर नंतर इतकी शांतता झाली की खाडीकडून मिठाच्या ढिगांवर फावडी पडत होती ती ऐकू आली.

खरं लिहायचं तर मला ती शांतता आवडली. मी फक्कीने पांढऱ्या झालेल्या माझ्या हाताकडे बघितलं. एक मिनिटभर, कदाचित जास्त, मी फक्त उभी राहून ते बघत होते.

मग जेवणाची घंटा झाली. कोणी हललं नाही. मी म्हटलं, चला. नाही हलल्या. ओरडले. शुभा रडू लागली, तिला जायचं होतं, ती रेघेपाशी येऊन पाय आपटत होती आणि तिच्या पायांवरून पाणी वाहू लागलं, तरी पाय पुढे पडेना. मी रेघ चपलेने पुसली. पुसलेल्या जागेपाशी येऊनही ती थांबली. जिथे काही नव्हतं तिथे.

हारकू एकटी चालत बाहेर आली; हजेरीपटावर ती अजून जानकीच आहे. माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "तू पण?"

एवढंच.

विमला स्वयंपाकघराच्या दारात होती. ती हात पुसत म्हणाली, "नाव घेवन बोलवा. रेग तुमी मारलात. तुमकाच बोलवूक व्हया." मी बेचाळीस नावं घेतली. प्रत्येकीला म्हटलं, ये. एकेक करून आल्या. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

वळले तर मोठ्या बाई ओसरीवर. त्या मुलींकडे नाही, हारकूकडे बघत होत्या. मग ऑफिसात गेल्या. फायलींचं कपाट उघडल्याचा आवाज आला.

१५ डिसेंबर

मला तेव्हाच धावत जाऊन ती फाईल जाळायला हवी होती. माझ्या लक्षातच आलं नाही. आज सकाळी उघडली. माझ्या अक्षरातल्या त्या ओळीवर बोटाचा पांढरा ठसा आहे.

१६ डिसेंबर

हारकू विहिरीपाशी उभी आहे. सकाळी सातपासून. तिच्याभोवती रेघेचं कडं, दोन पावलंही नीट मावत नाहीत एवढं. बसता येत नाही.

ती ओरडत नाही. चावत नाही. माझ्याकडे बघते.

मी मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, तिला सोडा. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात, कुलूप नको. कुलूप काढलं. म्हणालात, पट्टा नको. तो तुम्हीच जाळला. आता तुमची तक्रार काय?"

मी म्हटलं, ती मरेल उन्हात.

"जिला जायचंय तिने जावं. कोणी धरलंय तिला?"

मी विचारलं, हे काय आहे. त्यांनी माझ्याकडे प्रथमच नीट बघितलं. म्हणाल्या, "अठरा वर्षं मी त्या खोलीत उगीच बांधलं नाही. अंगाला एकदा कळलं की हलता येत नाही, की ते विसरत नाही. मग नाव आणि रेघ, बस्स होतं. ही चवळीची शेंग तेवढी नावाने निसटत होती. तुमचे उपकार."

मी म्हटलं, मी कमिटीला सांगेन.

"काय सांगाल? शून्यावर सही तुमची आहे."

१७ डिसेंबर

ती अजून उभी आहे. पाणी देते ते पिते. भात भरवला. संध्याकाळी पाय सुजले होते.

मी तिला उचललं. कमरेला धरून उचललं आणि बाहेर काढलं. रेघेवरून जाताच तिचा श्वास थांबला. रडली नाही, झटापट नाही, नुसता थांबला. तोंड उघडं. ओठ निळे होत गेले, मग काळे, मी तिला हलवत होते, हाका मारत होते, आणि तिचे डोळे पूर्ण उघडे होते आणि ती मला बघत होती—

परत आत ठेवली. श्वास आला.



विमलेला म्हटलं, घाटकोपरला जा, माझा भाऊ मधुकर, त्याला ही चिठ्ठी दे. ती चिठ्ठीकडे बघत राहिली. म्हणाली, "फाटकाभायर? मी?" मग म्हणाली तिची आई वारली तेव्हाही ती गावी गेली नव्हती. सहा वर्षं झाली. तिला वाटत होतं आपल्याला वेळ झाला नाही.

१८ डिसेंबर

स्वतःच निघाले. मुंबईला, बालन्यायालयात. नोंदवही पिशवीत. सकाळची आठची वेळ, चांगलं ऊन.

फाटक उघडं होतं. मोठ्या बाई फाटकापाशी. डबा हातात. वाकून रेघ ओढत होत्या, सावकाश, घरासमोर रांगोळी काढावी तशी. मी ठरवलं होतं, थांबायचंच नाही.

त्या म्हणाल्या, "अनुपमा गजानन ताम्हाणे."

पाय

पाय माझे होते. दिसत होते. चपला, बोटं, जोडवं नाही, डाव्या अंगठ्याला ठेच. मी त्यांना सांगत होते. ते ऐकत नव्हते. त्या खाटेवर हात जसे— तसेच. समोर रस्ता. टांगा गेला एक. तोच टांगेवाला. मी हाक मारली. त्याने बघितलं आणि घोड्याला चाबूक मारला.

बाई म्हणाल्या, चाळीस मिनिटं तुम्ही स्वतः मागून घेतलीत.

मग म्हणाल्या, जा आत, न्याहारी करा.

आणि मी वळले. वळता आलं. आत जायला पाय कसे हलके होते.

१९ डिसेंबर

हे भरभर लिहिते. वहीच्या मागच्या पानांवरही पांढरे ठसे आहेत. वाचते ती, बाई. सगळं वाचत आली आहे. हेही वाचेल. वाच.

काल दुपारभर विचार केला. 'जानकी' म्हटलं तेव्हा रेघ तिला धरत नव्हती. 'हारकू' म्हटल्यावर धरली. म्हणजे रेघ मुलीला नाही धरत. तिच्या आत जे नाव आहे त्याला धरते.

बाई दुपारी जेवून पडतात. मी विहिरीपाशी गेले. ती उभी होती, डोळे अर्धे मिटलेले, ओठ फुटलेले. मी म्हटलं, तुझं नाव इथे टाकून जावं लागेल. तिला कळेना. पुन्हा सांगितलं. कळलं तेव्हा जोरजोरात मान हलवू लागली. "आयशीनी ठेवलेला हाय. दुसरा काय नाय माजेकडं."

मला ठाऊक आहे. दुसरं काही नाही तिच्याकडे. आणि जे होतं ते मी कागदावर लिहिलं. मी तिला हे सांगितलं. की मी लिहिलं. की मीच. तिने ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

ती खूप वेळ रडली, आवाज न करता. आईला काहीतरी म्हणाली. मग मान खाली केली, केस विंचरून घ्यायला करावी तशी. मी तिच्या कानात एक नाव सांगितलं. आजवर मी कोणाला ते म्हटलेलं नाही, कोणाकडून ऐकलेलं नाही. इथे लिहिणार नाही. ते कुठेच लिहिणार नाही.

तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी आवाज वेगळा आला.

मग मी म्हटलं, ये.

पाय सुजलेले, म्हणून आधी पडली. पण पडली ती बाहेर. रेघेच्या बाहेर, मातीत, आणि श्वास चालू होता, मी ऐकला, तोंडाजवळ कान नेऊन ऐकला. मागच्या कुंपणाला फट आहे. तिने वळून बघितलं. ती मिठागरांच्या बांधावरून गेली, लंगडत, मग न लंगडता, मिठाच्या दोन ढिगांमधून, आणि उन्हात तिकडे डोळे ठरेनात.

मी फटीपर्यंत गेले. तिथेही रेघ आहे. सगळीकडे आहे. मी बघितलं नव्हतं.

माझ्यासाठीही नाव शोधलं. पुष्कळ. चिकटत नाही एकही. सत्तावीस वर्षं मला सगळे अनुपमाच म्हणत आले. मला ते आवडतं.

२० डिसेंबर

बाईंनी विचारलं, तिचं नाव काय ठेवलंत. मारलं नाही. ओरडल्या नाहीत. विचारलं फक्त.

मी नाही सांगितलं.

आता खोलीच्या दाराशी रेघ. खाली जाता येत नाही. खालून मुलींचे आवाज नाहीत. त्रेचाळीसमधून एक गेली— अहवालात काय लिहितील? पळाली. बंधन शून्य.

२० डिसेंबर, दुपार

खाटेपर्यंत जाता येत नाही. रेघ टेबलाभोवती आहे. मी खुर्चीत. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.

तहान

२१

खुर्चीच्या चार पायांभोवती. पावलं आत घेऊन बसले आहे. उजवा हात टेबलावर, तेवढा त्यांनी सोडला आहे. लिहावं म्हणून. त्यांना वाटतं, लिहीन. आजवर सगळं लिहीत आले म्हणून— फाईल, नोंदवही, ही वही—

बाई शेजारी उभ्या आहेत. वाचतायत. लिहिते तसं.

शुभाला बोलावलंय. म्हणतायत, नाव नाही लिहिलंत तर विहिरीपाशी आता शुभा. सात वर्षांची आहे, बाई. सात. नाव मला आठवत नाही, असं लिहिते. खरंच आठवत नाही. विसरले. मुद्दाम विसरत होते काल रात्रभर, दुसरी हजार नावं म्हणून त्याच्यावर टाकली आणि सकाळी ते नव्हतं. बाई, शोधा, वहीत शोधा, माझ्यात शोधा. नाही आहे. शुभाला उभं करून काही मिळायचं नाही.

त्या वाचतायत. हसल्या नाहीत. शुभाला म्हणाल्या, जा खेळ.

डबा उघडला. बोट बुडवलं. वहीवर ठेवलं. पानावर आडवी रेघ ओढतायत, चार ओळी सोडून खाली, डावीकडून उजवीकडे, सावकाश. माझं नाव घेतलं. पूर्ण. म्हणाल्या, लिहा की पुढे. कोणी अडवलंय?

रेघेखाली अजून अर्धं पान कोरं आहे. तिथे मला एवढंच लिहायचंय की ती पोहोचली अस